लिंबाची बी फेकू नका

पुण्याच्या मंडईतून आपण कागदी लिंबू आणतो. रस काढतो, बिया फेकतो. आज दोन-चार बिया जपू या.

लिंबू पिकून पिवळे झालेले असावे. बिया धुवून त्याच दिवशी पेरू. फार वाळली की बी मरते. अर्ध्या पेराइतकी खोल पेरू. माती ओली हवी, पण पाणी साचता कामा नये. तीन-चार आठवड्यांत कोंब येतो.

एका बीतून कधी दोन-तीन रोपे निघतात. जोमदार रोप राखू. त्याचे फळ बहुधा आईच्या झाडासारखेच निघते. म्हणून कागदी लिंबू बीपासून लावायची रीत आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा मात्र जंबेरीच्या रोपावर भरतात.

कोवळी पाने अळ्या खातात. त्या रोज वेचू.

फळाला चार-पाच वर्षे तरी लागतात. घर भाड्याचे असले तर मोठ्या कुंडीत लावू. बिऱ्हाड हलले, तर झाडही बरोबर येईल.