विमान रद्द, पैसे कुठे?

होस्टेलवर आता विमानाच्या तिकिटाचे कोणाला फारसे कौतुक राहिलेले नाही. इंटर्नशिप म्हणा, इंटरव्ह्यू म्हणा, पोरं उडतातच. पण उडण्याआधीच विमान रद्द झाले आणि तिकीट गावच्या दुकानातून काढलेले असले तर पैसे परत मिळवताना काय काय होते, याचा मी अडीच महिने अभ्यास केला. एम-थ्रीचाही एवढा केला नव्हता!

मी जामनेरचा. मे २०२४ मध्ये मला बंगळूरला इंटर्नशिपसाठी सोमवारी हजर व्हायचे होते. वडिलांनी गावातल्याच एका दुकानातून मुंबई-बंगळूर तिकीट काढले. दुकान म्हणजे सबकुछ. झेरॉक्स, पॅनकार्ड, वीजबिल, रेल्वे रिझर्व्हेशन आणि विमानसुद्धा. ६,८४० रुपये रोख मोजले. घरात ठेवलेला कापूस विकून आलेले पैसे होते ते. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, बॅग ओढत विमानतळावर पोचलो, तर बोर्डावर माझ्या विमानापुढे लाल अक्षरे: रद्द.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, दोन दिवसांपूर्वीच मेसेज पाठवलाय." पाठवला होता, पण दुकानदार काकांच्या मोबाइलवर! बुकिंग करताना त्यांनी स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकला होता. त्यांच्या फोनवर दिवसाला शेदोनशे मेसेज येतात, त्यात हा कुठे दिसणार? पुढची मोकळी सीट दोन दिवसांनी होती. मी खाजगी बस धरली आणि मंगळवारी पोचलो. साहेबांनी पहिल्याच दिवशी घड्याळ दाखवले. असो.

या नंबरच्या भानगडीत आणखी एक मेख आहे, ती मला नंतर कळली. विमान रद्द झाल्याचे वेळेत कळवले नाही तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे कंपनीला तिकिटाच्या पैशांशिवाय नुकसानभरपाईही द्यावी लागू शकते. पण प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर ही भरपाई मिळत नाही, असे त्याच नियमात आहे. म्हणजे एजंटाने आपला नंबर टाकला की तो हक्क तिथेच लटकला.

आता पैशांकडे येऊ. काका म्हणाले, "अरे बेटा, कंपनीकडून आले की लगेच देतो." कंपनीला फोन केला तर, "बुकिंग एजंटमार्फत आहे, एजंटशी बोला." काकांकडून कंपनी, कंपनीकडून काका. महिनाभर मी व्हॉलीबॉलचा चेंडू झालो होतो. मग काकांनी एक दिवस वडिलांना बोलावून घेतले आणि सांगितले, "कॅन्सलेशन कापून ३,१०० आलेत, घेऊन जा." वडील घ्यायला तयार! म्हणे, "जाऊ दे, ओळखीचा माणूस आहे. रोजचं येणंजाणं आहे." माझे डोके तिथेच फिरले. विमान कंपनीने रद्द केले, मग कॅन्सलेशन चार्ज आम्ही का भरायचा?

इथे यंत्रणा समजून घेतली पाहिजे. गावातला दुकानदार बहुतेक वेळा विमान कंपनीचा थेट एजंट नसतोच. तो मोठ्या शहरातल्या एखाद्या ठोक एजन्सीचे पोर्टल वापरतो. त्या पोर्टलवर त्याचे वॉलेट असते, त्यात तो आगाऊ पैसे भरून ठेवतो आणि तिकीट काढले की तेवढे वळते होतात. ठोक एजन्सीचा हिशोब पुढे कंपनीशी. परतावा येतो तो याच रस्त्याने उलटा: कंपनी, ठोक एजन्सीचे खाते, दुकानदाराचे वॉलेट आणि शेवटी आपला खिसा. प्रत्येक थांब्यावर पैसे रेंगाळू शकतात. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मात्र "रिफंड दिला" असे दिसते, आणि ते खोटेही नसते.

दुसरी गोष्ट. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द करणे वेगळे आणि कंपनीने विमानच रद्द करणे वेगळे. पहिल्यात चार्ज कापतात, दुसऱ्यात पूर्ण पैसे परत मिळायला हवेत. काकांनी काय केले, तर मी फोन केल्यावर घाईघाईने पोर्टलवरचे साधे कॅन्सल बटण दाबले. पोर्टलने समजून घेतले की प्रवाशालाच जायचे नाही, आणि कात्री चालवली. तुमच्यावर ही वेळ आली तर एजंटाला आधी सांगा, हात लावू नको, कंपनीनेच रद्द केलंय अशी नोंद करून पैसे माग.

मग जबाबदारी कोणाची? महासंचालनालयाचा परताव्याबाबतचा वेगळा नियम आहे. तिकीट ट्रॅव्हल एजंट किंवा पोर्टलकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच, कारण एजंट हे तिचेच नेमलेले प्रतिनिधी, असे तो सांगतो. किती दिवसांत द्यायचे तो आकडा मात्र वेळोवेळी बदलला जातो, २०१६ च्या सुधारणेत तो ३० कामाचे दिवस होता. तुमच्या तिकिटाला कोणता लागू, ते महासंचालनालयाच्या साइटवर बघून घ्या.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत प्रवासी विमाने बंद होती आणि लाखो लोकांचे पैसे अडकले. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. लॉकडाऊनच्या काळात लॉकडाऊनमधल्याच प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे ताबडतोब द्या, आणि एजंटमार्फत तिकीट असेल तर एजंटाने ते लगेच प्रवाशाच्या हाती द्यावेत, असे त्यात स्पष्ट आहे.

तरी "लगेच" म्हणजे किती, ते बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये यात्रा या पोर्टलला उरलेले पैसे देण्याचा आदेश काढला. लॉकडाऊनमुळे रद्द झालेली ३६,२७६ बुकिंग २०२१ मध्ये त्यांच्याकडे थकीत होती, रक्कम २६ कोटींच्या वर. आदेशाच्या वेळीही ४,८३७ बुकिंगचे अडीच कोटी बाकीच होते. चार वर्षांत इंजिनिअरिंगची डिग्री होते (म्हणजे ज्यांची होते त्यांची).

मी शेवटी फोन बंद केले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. पीएनआर, तारीख, विमानतळावर काढलेला बोर्डाचा फोटो आणि फक्त तीन प्रश्न: विमान कोणी रद्द केले? किती रक्कम परत केली? कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात? भांडलो नाही, रडगाणे नाही. नवव्या दिवशी उत्तर आले. विमान कंपनीनेच रद्द केलेले, पूर्ण ६,५९० रुपये एजन्सीच्या खात्यात केव्हाच जमा. एजन्सीचे नाव वाचून काकाच चाट पडले. ती त्यांची नव्हतीच, त्यांच्या वरची ठोकवाली होती! उरलेले ३,४९० तिथे पडून होते आणि काकांना पत्ता नाही. मी महिनाभर त्यांना मनातल्या मनात लबाड म्हणत होतो, ते जरा लागलेच मला. काकांनी तोच ईमेल वर पाठवला, चार दिवसांत वॉलेट भरले. २५० रुपये काकांचे सर्व्हिस चार्ज होते. ते मागावेत की नाही यावर घरात वाद झाला आणि वडील जिंकले.

ईमेलनेही काम झाले नसते तर पुढची तयारी मी करून ठेवली होती. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, म्हणजे मला जळगाव पुरले असते, मुंबई-दिल्लीला जायला नको. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील हवाच असेही नाही, मुदत दोन वर्षांची. पण पावती लागतेच. रोख दिले असतील तर दुकानाच्या शिक्क्याची पावती घ्या. माझ्याकडे ती नव्हती, काकांनी नंतर लिहून दिली म्हणून बरे.

आमच्या विंगमधल्या दोघांचे पैसे अजून असेच कुठल्यातरी वॉलेटमध्ये झोपलेत. त्यांनी तिकिटाची प्रिंट घेऊन मेस सुटल्यावर माझ्या रूमवर यावे, तीन प्रश्नांचा ईमेल मी टाइप करून देईन. चहा मात्र त्यांचा.