त्या दारात पुन्हा जाता येईल ना?

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी हसूच आलं. रविवारच्या पुरवणीत घेतलं, माणसांच्या स्टोऱ्या करायच्या म्हणून सांगितलं, आणि रिपोर्टिंगमधली पोरं लगेच म्हणाली, ‘सॉफ्ट काम आहे, मजा आहे तुझी.’ म्हणू देत. आमच्या वेळीही हेच होतं. राजकारण, क्राइम आणि महापालिका पुरुषांकडे. बाई आली की तिच्याकडे शाळा, सण, आणि ‘जरा रडवणारं काहीतरी’. यात अपमान आहे हे मी नाकारत नाही. पण काम सॉफ्ट नाही गं. मंत्र्याची पत्रकार परिषद चुकली तर संध्याकाळपर्यंत प्रेसनोट येते. ऊस तोडणाऱ्या बाईची प्रेसनोट कोणी काढत नाही, तिच्यापर्यंत तुलाच जावं लागतं.

आणि म्हणूनच माझं पहिलं सांगणं तुला विचित्र वाटेल. पुरवणीबरोबर एखादं रुक्ष बीट मागून घे. पंचायत समिती, सिव्हिल हॉस्पिटल, कामगार न्यायालय, काहीही चालेल. पुरवणीच्या टेबलावर बसून माणसं सापडत नाहीत, तिथे फक्त संस्थांची पत्रकं येतात. आणि कागद वाचता आला नाही तर माणूस अर्धाच दिसतो.

उदाहरण सांगते. विदर्भ-मराठवाड्यात कधी ना कधी आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी जावं लागेलच. तुझ्याआधी चार जण येऊन ‘आता कसं वाटतंय’ विचारून गेलेले असतील. तू तो प्रश्न आयुष्यात कोणाला विचारू नकोस. जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचार, कर्ज कोणाकडून घेतलं होतं ते विचार. जानेवारी 2006 मधल्या शासन निर्णयाने पात्र कुटुंबाला 1 लाख रुपये ठरले, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार मुदत ठेवीत. पण कर्ज गावातल्या बिनपरवाना सावकाराचं असलं की प्रकरण अपात्र. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तर पुढच्या हंगामाचं पीककर्ज बाईला कोण देणार? आता तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तुला लागायला लागतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनाच दिसतं; तलाठ्याकडे ती किती चकरा मारतेय हे तुझ्या लेखात आलं तर ती खरी स्टोरी. आणि हो, जीव कसा दिला ते लिहायचं नाही, मथळ्यात तर मुळीच नाही. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. डेस्कवर कोणी हुज्जत घातली तर तीच दाखव.

पी. साईनाथ 1993 मध्ये फेलोशिप घेऊन देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत हिंडले. त्यातून ‘टाइम्स’मध्ये लेख आले आणि 1996 मध्ये पुस्तक झालं, मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. ते वाचताना एक बघ, माणसाच्या गोष्टीत योजनेचं नाव, रक्कम, अंतर, मजुरीचा दर कसा सहज येतो. आणि अनिल अवचट तर वाचच. डॉक्टर माणूस, पण निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिताना जड शब्द एक नाही. विशेषणं इतकी कमी, की आपल्याला आपल्याच मजकुराची लाज वाटावी.

प्रश्न कसे विचारायचे, हे तू विचारलंस. मला वाटतं, दिवस विचारावा. किती वाजता उठता, पाणी कुठून आणता, हप्ता कोणत्या तारखेला जातो, मुलं कोणाकडे ठेवता. माणूस दिवस सांगता सांगता दुःखाशी आपोआप येतो, आणि नाही आला तर त्याची मर्जी. फोन आल्या आल्या समोर ठेवू नकोस. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून कर. पाणी दिलं तर पी. खाट दिली तर बस, पण घरातली म्हातारी खाली बसली असेल तर तूही खाली बस.

बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवतंय ना? दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापणार. उचल, दर, कारखाने, संप यांवर पेपरांत वर्षानुवर्षं छापून येत होतं. 2019 मध्ये गर्भाशयं काढून टाकण्याच्या बातम्या आल्या आणि विधिमंडळात विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. फडात संडास नाही, पाळीत सुट्टी नाही, आणि गावातला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. आता तूच सांग, ‘पाळीच्या दिवसांत काय करता?’ हा प्रश्न पत्रकार परिषदेत कोण विचारणार? तो कोपीत बसून, बाप्ये नसताना, पीठ मळणाऱ्या बाईला विचारावा लागतो. म्हणे सॉफ्ट!

आता मला जे खरं सांगायचंय ते. लेख लिहून झाला की पाठवण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: हा छापून आल्यावर त्या दारात मला पुन्हा जाता येईल ना? नुसतं जाता येणं नव्हे, मान वर करून जाता येणं. तू रविवारी छापून मोकळी होतेस. ती बाई सोमवारी त्याच नळावर पाणी भरायला जाते, त्याच दुकानात उधारी मागते. नवरा पितो हे तिने तुला सांगितलं, कारण तू तिच्यासारखीच कोणाची तरी लेक वाटलीस. शेजारणीने ते पेपरात वाचावं, हे तिने कुठे सांगितलं होतं?

तेंडुलकरांचं ‘कमला’ वाच, मिळालं तर प्रयोग बघ. 1981 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या अश्विनी सरीन यांनी 2,300 रुपयांना एक बाई विकत घेऊन बायकांचा बाजार उघड केला होता, त्यावरून सुचलेलं नाटक. तेंडुलकरांनी स्वतः वृत्तपत्रात नोकरी केलेली, त्यामुळे आपली जात त्यांना आतून ठाऊक. नाटकातला जयसिंग विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. का नेतोय, तेही तिला धड सांगत नाही. त्याची बातमी खरी आहे, गरजेची आहे, देश हादरवणारी आहे, आणि तरीही आपल्याला त्याची किळस येते. मग कमला त्याच्या बायकोला साधेपणाने विचारते, की तुम्हाला केवढ्याला घेतलं. मला विचारशील तर आपल्या धंद्यावर मराठीत इतकं कडक दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही.

म्हणजे भिऊन काही लिहायचंच नाही का? तसं नाही. संमती दोनदा घे. एकदा बसल्यावर, आणि एकदा निघताना, कारण निघेपर्यंत ती काय काय बोलून गेली हे तिच्याही लक्षात आलेलं असतं. ‘यातलं काय छापू नको?’ असं सरळ विचार. लेख आधी दाखवायचा नाही असा बहुतेक ऑफिसांत नियम असतो, आणि आमदार-खासदारांच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण ज्या बाईने आयुष्यात कधी मुलाखत दिली नाही, तिच्या तोंडची वाक्यं तिला फोनवर वाचून दाखवायला काय हरकत आहे? मी दाखवते. बहुतेक वेळा ती काही काढायला सांगत नाहीच, उलट चुकलेली तारीख नाहीतर दिराचं वय नीट करून देते.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नकोस. गावाचं नाव, ‘सातवीत शिकणारी’, ‘अंगणवाडी सेविकेची मुलगी’ एवढं लिहिलंस की पंचक्रोशीला कळतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर हा कायद्याचाच मामला आहे. पोक्सोच्या कलम 23 मध्ये मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. मोठ्या बाईच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. फोटोग्राफर सवयीने घराचा दरवाजा टिपतो. त्या दरवाजावरून अख्खा तालुका घर ओळखतो, तेव्हा फोटो तूही बघून घे.

खोटं लिहायचा मोह तुला होणार नाही असं वाटतंय ना? जॅनेट कुक नावाच्या बाईलाही वाटलं नसेल. 1980 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये तिने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट लिहिली. सगळं शहर हळहळलं, पोलीस त्याला शोधत फिरले. एप्रिल 1981 मध्ये तिला पुलित्झर मिळालं आणि दोन दिवसांत परत करावं लागलं, कारण असा मुलगा नव्हताच. आपल्याकडे एवढं मोठं खोटं क्वचितच होतं. आपलं खोटं बारीक असतं. ‘हे सांगताना तिचे डोळे पाणावले.’ पाणावले होते का गं? की पॅराग्राफला शेवट हवा होता? चंदगडची म्हातारी सदाशिव पेठेतल्यासारखं बोलते, तेही खोटंच. तिची बोली ठेव. ती गमतीची वाटावी म्हणून मात्र चढवून लिहू नकोस.

डेस्कशी भांडणं होतील, ती मथळ्यावरून. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की सगळ्या पेपरांत ‘परिस्थितीवर मात’ उगवतं. भाजी विकणाऱ्या आईची लेक, रिक्षावाल्याचा मुलगा, पेढा भरवतानाचा फोटो. पोरांचं कौतुक व्हायलाच हवं, पण ती अकरावीला टिकली का, हे पुढच्या जूनमध्ये बघायला कोणी जात नाही. तू जा. निकालाच्या दिवशी नाही, वर्षाने. मथळा स्वतःच देत जा, दोन पर्याय देऊन. उपसंपादक रात्री पान सोडायच्या घाईत असतो, त्याच्याकडे दुष्टावा नसतो, वेळ नसतो. तयार, मापात बसणारा मथळा दिलास की तो दहापैकी सात वेळा तोच लावतो.

छापून आल्यावर फोन येतील, मदत करायची म्हणून. इथे जपून. तुझ्या खात्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही, कितीही खात्रीचा वाचक असला तरी. बाईचा खाते क्रमांक सरळ छापणंही मला पटत नाही; दीर-भासरे कुठून कुठून उगवतात. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’मध्ये 2011 पासून दर गणेशोत्सवात संस्थांची माहिती देऊन वाचकांना मदतीचं आवाहन केलं जातं. हिशेब ठेवणारी संस्था मधे असणं बरं. तू स्वतः आश्वासन काही देऊ नकोस. ‘छापून आलं की काम होईल’ हे तर नकोच, कारण पुष्कळदा काहीच होत नाही, आणि मग त्या दाराचा प्रश्न पुन्हा येतो.

रात्री झोप लागेनाशी झाली तर कोणाशी तरी बोल, माझ्याशी बोल, नाहीतर डॉक्टरशी. लागोपाठ दोन मरणांच्या स्टोऱ्या घेऊ नकोस. मधे एखादा बँडवाला, पतंगवाला, कुस्तीचा वस्ताद घे. संपादकाला हे कारण सांगायची गरज नाही, वाचकांनाही बदल हवा असतो म्हण.

आता पैशाचं. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये लागू झाल्या, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या उचलून धरल्या, आणि 2017 मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचं सांगितलं. तरीही तुला हातात करारच मिळेल, एका वर्षाचा, ‘सल्लागार’ वगैरे पदनाम टाकून. नीट वाच. प्रवासखर्च कोण देणार ते लेखी घे, कारण आपल्या कामात खरा खर्च एसटीचा आणि वडापचाच. तालुक्याच्या वार्ताहरांना 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि साहेबांच्या वाढदिवसाला जाहिराती गोळा करायला लावतात, हे तू पाहिलंयस. पुरवणीतल्या मुलीलाही हळूच विचारतात, ‘त्या संस्थेवर लिहितेच आहेस तर एक क्वार्टर पेज बघ ना.’ पहिल्याच वेळी नाही म्हण, हसून म्हण, पण म्हण. एकदा आणलीस की पुढच्या वर्षी ते टार्गेट होतं, आणि ज्या कारखान्याची जाहिरात आणलीस त्याच्याच फडातल्या बायकांवर कशी लिहिणार तू? कराराचे फोटो काढून मला पाठव. सही सोमवारी कर, त्याआधी नको.