टी-शर्ट फुकट, रिक्षा आपली

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या धावण्याच्या स्पर्धेत मी पाणी वाटायला उभी होते. हजर राहायची वेळ पहाटे चारची. त्या वेळी घराजवळच्या स्टेशनातून लोकल नव्हती, म्हणून आधी रिक्षा आणि पुढे टॅक्सी, दोन्ही रात्रीच्या सव्वापट भाड्याने. मिळालं काय, तर एक टी-शर्ट (माप एक्सएल, मी मीडियम), टोपी, उपम्याचं पाकीट आणि नाव चुकलेलं प्रमाणपत्र. घरी येऊन हिशेब केला तेव्हा खिशातून साडेसहाशे रुपये गेले होते. मजा आली, पुन्हा जाईन. पण ‘सेवेला पैसे लागत नाहीत’ हे वाक्य त्या दिवसापासून मी वापरत नाही.

हा हिशेब आता मांडायचं कारण अहमदाबाद. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा तिथे होणार, यावर 26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगोच्या बैठकीत शिक्कामोर्तब झालं. मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी अहमदाबाद. मराठी घरांतली कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी, क्रीडाशिक्षक यांना आंतरराष्ट्रीय स्पर्धा आतून बघायची इतकी जवळची संधी बऱ्याच दिवसांनी येते आहे. पुण्यात बालेवाडीला 2008 मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, नव्या मुंबईत 2017 आणि 2022 मध्ये फुटबॉलच्या वयोगटातल्या जागतिक स्पर्धांचे सामने झाले. पण बहुक्रीडा स्पर्धेचा पसारा त्याहून फार मोठा असतो.

देतात काय, देत नाहीत काय

आजवरच्या स्पर्धा पाहिल्या तर एक साचा दिसतो. गणवेश फुकट. पाळीच्या वेळचं एक जेवण फुकट. पाळीच्या दिवशी शहरातली बस-मेट्रो बहुधा फुकट. प्रशिक्षणाची फी नाही. आणि राहण्याची सोय, तुम्ही शहराबाहेरून आलात तर, तुमची तुम्ही.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 70,000 स्वयंसेवक होते. त्यांना गणवेश, जेवण आणि पाळीच्या दिवशी लंडनमधला प्रवास मिळाला, झोपायची जागा मिळाली नाही. ज्यांच्या मित्राचा सोफा रिकामा होता ते टिकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रवासखर्चापोटी दिवसाला 1,000 येनचं कार्ड दिलं, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहाशे-सातशे रुपये, मग तुम्ही शेजारच्या गल्लीतून या की दीड तासावरून. उलट रशियाने 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये आणि 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात बाहेरगावच्या स्वयंसेवकांना राहायला जागा दिली. तेव्हा ‘सगळीकडे असंच असतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. निवासाचा प्रश्न पहिल्याच दिवशी लेखी विचारा. उत्तर ‘नंतर कळवू’ असं आलं, तर ते ‘नाही’ समजून बजेट करा.

दुसरा प्रश्न दिवसांचा. लंडनने किमान दहा दिवस काम आणि शिवाय तीन दिवस प्रशिक्षण मागितलं होतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकलाही दहा दिवसांची उपलब्धता हवी होती. प्रशिक्षणाचे दिवस स्पर्धेला चिकटून नसतात, ते आधीच्या महिन्यांत विखुरलेले असतात. मुलाखत एकदा, सर्वसाधारण माहितीचा दिवस एकदा, मैदानावरचं प्रशिक्षण एकदा. शहरात राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. नाशिकहून वा साताऱ्याहून जाणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे तिकीट, एक मुक्काम आणि एक रजा. लोक हा खर्च धरायलाच विसरतात.

अहमदाबादचा कच्चा हिशेब

खालचे आकडे माझे अंदाज आहेत, आजच्या दरांवर बेतलेले. 2030 पर्यंत वाढतील, पण प्रमाण कळेल.

समजा, मुंबईची एक मुलगी चौदा दिवसांसाठी गेली. रेल्वेचं स्लीपरचं जाणं-येणं 800 रुपये. सामायिक खोलीत किंवा डॉर्मिटरीत एरवी रात्रीचे 800 पडत असतील, तर स्पर्धेच्या काळात दुप्पट धरा. 1,600 प्रमाणे तेरा रात्रींचे 20,800. एक जेवण आयोजकांचं, उरलेल्या चहा-नाश्ता-जेवणाला दिवसाला 250, म्हणजे 3,500. शहरातला प्रवास फुकट मिळाला तरी शेवटच्या मैलाची रिक्षा लागतेच, दिवसाला 100 प्रमाणे बारा दिवसांचे 1,200. बूट, औषधं, रिचार्ज, किरकोळ असे 2,500. बेरीज 28,800 रुपये.

आता त्यातली खोली काढून टाका. उरतात 8,000. म्हणजे सगळा खेळ अहमदाबादेत आत्या आहे की नाही यावर. बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून स्थिरावलेली मराठी घरं भरपूर, त्यामुळे ‘बडोद्याच्या मावशीकडे राहू’ हा विचार अनेकांच्या मनात येईल. येऊ द्या, पण बडोदा ते अहमदाबाद शंभर किलोमीटरच्या वर अंतर आहे. रात्री अकराला पाळी सुटली की परत कसं जाणार? मावशी प्रशिक्षणाच्या खेपांना उत्तम, रोजच्या पाळीला नाही.

दुप्पट दर हा माझा आकडा कुणाला घाबरट वाटेल. 2023 च्या क्रिकेट विश्वचषकात अहमदाबादेत भारत-पाकिस्तान सामना ठरला, तेव्हा हॉटेलांचे दर इतके चढले की लोक रुग्णालयांत तपासणीच्या निमित्ताने एका रात्रीची खाट मिळते का, याची चौकशी करू लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती एका सामन्याची गोष्ट, इथे स्पर्धा बरेच दिवस चालणार.

आणि बुडालेली मजुरी? पगारी नोकरीत रजा निघते, ती एक किंमत. शिकवण्या घेणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, रोजंदारीवरच्या माणसाचे चौदा दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याची कमाई. वरच्या 28,800 मध्ये ती धरलेली नाही. तुमची तुम्ही मिळवा आणि मग फॉर्म भरायचा का ते ठरवा. ‘नाही’ हे उत्तर आलं तर त्यात कमीपणा नाही.

याच ठिकाणी ग्लासगोचं उदाहरण सांगायला हवं. 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथे 50,000 हून जास्त अर्ज आले. ज्यांची निवड झाली, पण राहण्या-प्रवासाचा खर्च झेपत नव्हता, अशांसाठी वेगळा मदतनिधी उभा केला होता. नाहीतर स्वयंसेवकांची फौज ही फक्त खाऊनपिऊन सुखी लोकांची राहते. अहमदाबादचे आयोजक असं काही करतील का, हे आत्ताच विचारत राहायला हरकत नाही. आमदार-खासदारांकडे निवेदनं घेऊन जाणाऱ्या संस्थांनी हा एक मुद्दा त्यात घालावा.

घाई कशाची करायची, कशाची नाही

लंडनने सर्वसाधारण अर्ज सप्टेंबर 2010 मध्ये घ्यायला सुरुवात केली, म्हणजे दोन वर्षं अगोदर. पॅरिसने मार्च 2023 मध्ये, म्हणजे सोळा महिने आधी. त्या हिशेबाने अहमदाबादची खिडकी 2028 च्या शेवटी किंवा 2029 मध्ये उघडेल असा माझा तर्क आहे. त्याआधी कुणी ‘नोंदणी फी’ मागत असेल तर सरळ फोन ठेवा. नंतर मागितली तरी ठेवाच. ज्या मोठ्या स्पर्धांबद्दल इथे लिहिलं आहे, त्यांपैकी एकीनेही स्वयंसेवकाकडून अर्जाचे पैसे घेतलेले नाहीत. ‘निवड पक्की करून देतो’ म्हणणारा एजंट हा एजंट नव्हेच.

निवड होईल हे गृहीतही धरू नका. लंडनला 70,000 जागांना 2,40,000 अर्ज आले, पॅरिसला 45,000 जागांना तीन लाखांहून अधिक. 2022 च्या कतार फुटबॉल विश्वचषकात 20,000 जागांना 4,20,000, म्हणजे एकवीस जणांत एक. लेखी निवड हातात पडेपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढायचं नाही आणि मुक्कामाची अनामत भरायची नाही.

परदेशी जाऊन स्वयंसेवा करायची हौस असेल तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. दहा वर्षांचा साधा पासपोर्ट 1,500 रुपये, पोलिसांचा दाखला लागला तर पासपोर्ट कार्यालयातून 500. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा 90 युरो आणि वर किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. पर्यटक व्हिसावर विनामोबदला काम चालतं की नाही, हे देशागणिक बदलतं, ते त्या देशाच्या वकिलातीच्या कागदात वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. माझं मत विचाराल तर फक्त स्वयंसेवेसाठी विमानाचं तिकीट काढणं महागडी हौस आहे. तिकडे शिकायला गेलेला मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्यांच्या व्हिसात बसत असेल, तर गोष्ट निराळी.

मंडळाने, कॉलेजने काय करावं

आत्ता, चार वर्षं हाताशी असताना, खर्च करण्यालायक गोष्ट कुठली असेल तर तयारी. आणि ती एकट्याने करण्यापेक्षा वीस जणांनी मिळून स्वस्त पडते.

मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी हे करून दाखवलं. बेकार, कमी शिकलेल्या, एरवी अशा फॉर्मच्या वाटेला न जाणाऱ्या लोकांना हुडकून त्यांना प्रशिक्षण दिलं, मग त्यांतल्या अनेकांना स्पर्धेत काम मिळालं. स्पर्धा संपल्यावर नावांची यादी कपाटात गेली नाही. तिच्यातूनच शहराच्या पुढच्या कार्यक्रमांना माणसं पुरवणारी कायमची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे दिल्लीत 2010 ला उलटं झालं. स्पर्धा तोंडावर असताना सुमारे 22,000 पैकी 10,000 च्या आसपास स्वयंसेवक गळाल्याच्या बातम्या होत्या. म्हणून वीस माणसं लागणार असतील तर तीस तयार करा.

यातली बरीचशी तयारी आपल्याकडे आहेच. विसर्जनाच्या रात्री दोर धरून उभा राहणारा कार्यकर्ता गर्दी ओळखतो, दिंडीत पंक्ती बसवणाऱ्या बाईला हजार पानांचा अंदाज असतो. 2027 ला नाशिकचा कुंभ आहे, त्याहून मोठी तालीम कुठली? कमी पडतं ते वेगळंच. वायरलेसवर थोडक्यात बोलणं, चाकाच्या खुर्चीला विचारल्याशिवाय हात न लावणं, पत्रकाराला ‘मला माहीत नाही, तिकडे विचारा’ असं नम्रपणे सांगणं. राष्ट्रकुल स्पर्धांत 2002 पासून दिव्यांग खेळाडूंचे प्रकार मुख्य स्पर्धेचाच भाग आहेत, आणि प्रेक्षकांत कर्णबधिर मंडळीही असतात, त्यामुळे भारतीय सांकेतिक भाषेची तोंडओळख असलेला स्वयंसेवक सोन्यासारखा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तिचे वर्ग चालतात. प्रथमोपचाराचे वर्ग रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स घेतात. गटाने गेलात तर दर मोकळेपणाने विचारा, सवलत मिळू शकते.

मंडळाचा खरा खर्च वर्गांचा नसतो, समन्वयकाचा असतो. तीस जणांचे फोन नंबर, रक्तगट, कोण कुठल्या भाषेत बोलतं, कोण कधी मोकळं, ही वही चार वर्षं ताजी ठेवणारं एक माणूस लागतं. त्याला महिन्याला हजार-दोन हजार मानधन द्या. फुकटात ते होत नाही. दुसऱ्या दिवाळीपर्यंत वही हरवते. मुलं राष्ट्रीय सेवा योजनेत असतील तर वर्षाच्या 120 तासांत हे काम धरता येईल का, ते कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी विचारून ठेवा.

विम्याचं मात्र आजच उरका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, 18 ते 70 वयापर्यंत मिळतो, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. बँक खात्यातून दर वर्षी आपोआप कापला जातो, 1 जून ते 31 मे. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे वही सांभाळणाऱ्याने तीसही जणांना आठवण करून सांगायचं.

आणि फॉर्मवर टी-शर्टचं माप भरताना अंदाजे ‘एल’ लिहू नका. टेप घ्या.