मोबाइलवरची मिस्सा पुरेशी आहे का?

प्रश्न : वसईतील एका वाचकाच्या वृद्ध आईला गुडघेदुखीमुळे चर्चमध्ये जाता येत नाही. रविवारची मिस्सा ती मोबाइलवर पाहते. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : आजारी माणसाने मिस्सा मोबाइलवर पाहण्यात काहीच गैर नाही. तेराव्या शतकात असिसीच्या संत क्लारा अंथरुणाला खिळल्या असताना त्यांना खोलीतच मिस्सेचे दर्शन झाले, अशी परंपरा सांगते. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी त्यांना टीव्हीच्या आश्रयदात्या संत ठरवले!

व्हॅटिकनने नभोवाणी सुरू केली १९३१ मध्ये, तीही रेडिओ-संशोधक मार्कोनींच्या मदतीने. कोरोनाच्या साथीत, २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर्स चौकातून प्रार्थना केली, तेव्हा जगभरचे भाविक पडद्यामार्फतच तिच्यात सहभागी झाले.

मर्यादा मात्र पक्की आहे. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे व्हॅटिकनच्या २००२ च्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. ख्रिस्तप्रसाद आणि पापनिवेदन यांसाठी प्रत्यक्ष भेटच हवी. आजाऱ्याला गैरहजेरीचा दोष लागत नाही. पण घरीच ख्रिस्तप्रसाद मिळण्याची सोय त्याच्यासाठी असते.

या वाचकाने मोबाइल जरूर चालू ठेवावा आणि धर्मग्रामाच्या कार्यालयात या सोयीसाठी आईचे नावही आजच नोंदवावे.