हँडल थरथरतंय? टायर बदलण्याआधी सैल जोड शोधा



सोयाबीन, मका निघाला, कपाशीची वेचणी सुरू झाली. आता आपल्या जुन्या गाड्या मोताळा, मलकापूर, बुलढाण्याच्या फेऱ्या मारणार. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, माल नेणाऱ्या गाडीचा. काही सभासदांनी विचारलं होतं, "खड्डा लागला की हँडल हातात राहत नाही, काय करावं?"

कपाशीचं पान लाल पडलं की आपण लगेच फवारा मारत नाही. मॅग्नेशियम कमी आहे, तुडतुडे आहेत की पाणी साचलं, हे आधी बघतो. गाडीचंही तसंच. आमच्या घरच्या गाडीला मी आधी दोन नवे टायर टाकले, मग अलाइनमेंट केलं. थरथर तशीच! शेवटी टाय रॉडचा एक एंड झिजलेला निघाला. तोवर नवे टायरही एका बाजूने झिजले होते.

*१) आधी बघा, कधी थरथरतं?*

▪️ चांगल्या रस्त्यावरही, पण ठरावीक वेगालाच: चाकाचा तोल गेलाय. रिमच्या आत वाळलेली काळी माती चिकटली तरी असं होतं. आधी रिम आतून धुवा. मग टायरला फुगा आलाय का, रिम वाकली का ते बघा. त्यानंतर बॅलन्सिंग.

▪️ फक्त ब्रेक मारल्यावर: ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क तपासून घ्या.

▪️ खड्डा लागला की पुढची चाकं फडफडतात आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाहीत: *हा प्रकार धोक्याचा.* पुढचा कुठला तरी जोड सैल आहे. टाटा ४०७ सारख्या, पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे असलेल्या जुन्या गाड्यांत हे जास्त दिसतं. एका चाकाचा हिसका दुसऱ्याला जातो, आणि जोड सैल असला की तो शमण्याऐवजी वाढत जातो.

*२) घरची तपासणी (दोन माणसं, अर्धा तास)*

गाडी रिकामी, जागा सपाट आणि टणक, इंजिन बंद. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा.

अ) चाकं जमिनीवरच ठेवून एकाने हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवावं. दुसऱ्याने बाजूने वाकून स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे एंड बघावेत. जोडाची एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा हलली, तर तो जोड गेला.

आ) पुढचं एक चाक जॅकने उचला. नुसत्या जॅकवर भरवसा नको, ॲक्सलखाली जाड लाकडी ठोकळा द्या. गाडीखाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. *ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल. तरीही राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश.* सरळ ॲक्सल नसलेल्या गाडीत किंगपिनच्या जागी बहुधा बॉल जॉइंट असतो. आता चाक डावी-उजवीकडे हलवा. फक्त इकडेच खेळ असेल तर टाय रॉड एंड.

इ) चाक हाताने फिरवा, रिमजवळ एक काडी स्थिर धरा. अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकडी आहे. टायरलाही तसंच बघा.

ई) पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश, तुटलेला पाटा, चाकाचे नट, तेल गळणारा शॉकॲब्सॉर्बर, हेही बघून घ्या.

दुसऱ्या चाकालाही हेच करा. जोड हलताना मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मिस्त्रीला दाखवा. नको ते पार्ट बदलायची वेळ येणार नाही.

*३) दुरुस्तीचा क्रम*

सैल जोड आधी, बॅलन्सिंग मग, *अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.* सैल जोडावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. काही गाड्यांना स्टेअरिंग डँपर असतो. नुसता तो नवीन टाकला तर थरथर काही दिवस दबते, दुखणं आत तसंच राहतं. किंगपिनला ग्रीस मारताना पुढची चाकं उचलून मारा, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोचतं.

*४) रस्त्यातच हँडल फडफडलं तर*

ब्रेक जोरात मारू नका. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या, गाडी कडेला घ्या. चाकाचे नट बघा. नट घट्ट असले तरी तशी भरलेली गाडी राजूर घाटात घालू नका. माल दुसऱ्या गाडीत टाका. एक भाडं जास्त लागेल, पण जीव सांभाळला जाईल.

*५) भरताना*

कापूस फाळक्याच्या बाहेर लोंबेल इतका मागे रचला की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि हँडल हलकं पडतं. वजनदार पोती केबिनच्या बाजूला घ्या.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचा खेळही ट्रॉली जोडण्याआधी असाच बघून घ्या.

पहिली फेरी मारण्याआधी हा अर्धा तास काढाच. काही अडलं तर व्हिडिओ याच नंबरवर पाठवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, धामणगाव बढे