गिनीपिगांचे नर व माद्या एकत्र कसे ठेवावेत

गिनीपिग हा मुळात कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटा कोंडलेला गिनीपिग खातो, पितो व वाढतोही. परंतु तो बुजरा बनतो आणि किंचित आवाज झाला तरी कोपऱ्यात दबून बसतो. म्हणून त्याला सोबत असणे इष्ट होय. प्रश्न एवढाच की, ती सोबत कोणाची व किती असावी.

आपल्याकडे हा प्राणी प्रयोगशाळांतून आणि हौशी लोकांच्या घरी आढळतो. मुंबईला तर त्याचा परिचय फार जुना आहे. १९०५ नंतर तेथे प्लेगविषयी जे संशोधन झाले, त्यात रोगग्रस्त घरांतून गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा तपासल्या जात असत. इतका जुना परिचय असूनही त्याच्या राहणीविषयी दोन चुकीच्या समजुती आढळतात. नर व मादी एकत्र ठेवल्यास ती भांडतात, अशी एक समजूत आहे. दुसरी याच्या उलट, म्हणजे हा गरीब प्राणी असल्याने सर्वांना एकाच पेटीत ठेवण्यास हरकत नाही, अशी आहे. वस्तुतः नर व मादी यांच्यात सहसा भांडण होत नाही. भांडतात ते नर, आणि तेही बहुधा माद्या जवळ असताना. एकत्र ठेवल्याने मादीचे जे नुकसान होते ते भांडणाने नव्हे, तर अवेळी व वारंवार गाभण राहिल्याने होते.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात हा प्राणी काही हजार वर्षांपासून मांसासाठी पाळला जातो. तेथील शेतकरी स्त्रिया पूर्वापार स्वयंपाकघरातच, चुलीच्या उबेला, लहानमोठे सर्व प्राणी एकत्र सोडीत. त्यामुळे भाऊ-बहीण, बाप-लेक यांचा संकर होई, कोवळ्या माद्या गाभण राहत आणि पिल्ले तुडविली जात. पेरू देशात ला मोलिना येथे या प्राण्यावर संशोधन सुरू झाल्यावर प्रथम सुधारणा झाली ती वर्गवारीची. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व सुमारे ४५ सेंटिमीटर उंच भिंतीचा कप्पा करून त्यात एक नर व सात ते दहा माद्या ठेवाव्यात आणि दूध तुटलेली पिल्ले लिंगाप्रमाणे वेगळी करावीत, अशी ती पद्धत आहे. उपाय साधा आहे; पण मूळ गोष्ट त्यात आली आहे.

प्रथम लिंगाची खात्री

दोन माद्या म्हणून विकत घेतलेल्या जोडीला दोन-अडीच महिन्यांत पिल्ले झाली, असा अनुभव पुष्कळांना येतो. लहान वयात बाहेरून फरक चटकन दिसत नाही. प्राण्याला मांडीवर उताणा धरून जननेंद्रियाच्या किंचित वरच्या बाजूस बोटाने हलका दाब द्यावा. नर असल्यास इंद्रिय बाहेर येते. मादीत दोन फाटे फुटलेल्या रेषेसारखी घडी दिसते. ही तपासणी विकत घेताना एकदा व पुन्हा तीन आठवड्यांच्या वयास करावी.

तीन आठवड्यांचे वय विशेष महत्त्वाचे आहे. गिनीपिगाचे पिल्लू डोळे उघडे, अंगावर केस व तोंडात दात घेऊन जन्मते आणि एक-दोन दिवसांत चारा कुरतडू लागते. त्याची वाढही तितकीच झपाट्याने होते. माद्या कधी कधी चवथ्या आठवड्यातच माजावर येतात. नर सामान्यतः आठ ते दहा आठवड्यांचे झाल्यावर वयात येतात. परंतु काही त्यापूर्वीच मादीवर चढू लागतात, म्हणून वाट पाहू नये. एकवीस दिवस पुरे होताच नर पिल्ले आईपासून काढावीत, आणि बाप त्याच कप्प्यात असेल तर मादी पिल्लेही काढावीत. ही दुसरी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मुलगे वेगळे केले की काम संपले, असे पाळणाऱ्यास वाटते, आणि पुढे आईबरोबर लेकही गाभण असल्याचे आढळते.

नर कायम बरोबर राहिल्यास

मादी सुमारे ६८ दिवसांनी विते व व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर त्याच कप्प्यात असेल तर ती त्याच दिवशी पुन्हा गाभण राहण्याचा संभव असतो. या हिशेबाने एका वर्षात पाच वेत होऊ शकतात. पिल्लांची संख्या पाहून पाळणारा संतुष्ट होतो. परंतु पिल्लांना पाजणे व पोटात गर्भ वाढविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करून मादी झिजते. विण्यापूर्वी नराला शेजारच्या जाळीआड ठेवून पिल्ले तुटेपर्यंत मादीस विश्रांती द्यावी. नर पिल्लांना मारील या भीतीने त्यास काढण्याची गरज नाही. तसे तो सहसा करीत नाही.

याहून गंभीर धोका पहिल्या वेताचा आहे. मादीच्या कटिभागातील पुढची दोन हाडे कूर्चेने जोडलेली असतात. विण्याच्या सुमारास ही कूर्चा सैल होऊन बोटभर फट पडते व मोठ्या डोक्याचे पिल्लू बाहेर येऊ शकते. सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत मादी एकदाही व्याली नसेल, तर हा सांधा घट्ट होतो. पुढे ती गाभण राहिल्यास पिल्लू अडते आणि बहुधा मादी व पिल्ले दोन्ही दगावतात. म्हणून पैदास करावयाचीच असेल तर मादी तीन ते चार महिन्यांची व ४०० ते ५०० ग्रॅम वजनाची असताना नर दाखवावा. एक वर्षाची कोरी मादी व धडधाकट नर हौसेने एकत्र सोडणे म्हणजे त्या मादीचा जीव धोक्यात घालणे होय. हौशी मंडळींत ही चूक वारंवार होते, आणि तीही प्रेमापोटी.

ज्यांना पिल्ले नकोत त्यांच्यासाठी नर खच्ची करून दोन किंवा अधिक माद्यांबरोबर ठेवणे ही सर्वांत शांत जुळणी ठरते. खच्चीकरण पशुवैद्याकडून भूल देऊनच करवावे; बैलासारखे चिमट्याने काम उरकण्याचा मार्ग येथे नाही. त्यानंतरही सुमारे सहा आठवडे नर वेगळा ठेवावा, कारण तेवढ्या काळात तो मादीस गाभण करू शकतो.

दोन नर एकत्र राहतील काय?

याचे उत्तर नराच्या संगोपनावर अवलंबून आहे. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाक्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला. मिश्र कळपात वाढलेला नर वडील नरांपुढे माघार घेण्यास शिकतो आणि पुढे परक्या कळपात सोडला तरी निभावून नेतो. एकटा किंवा केवळ एका मादीबरोबर वाढलेला नर मात्र परका नर दिसताच झुंजतो व हरल्यास खंगतो. मोठ्या कळपात नर जागा व माद्या वाटून घेतात आणि एकमेकांच्या माद्यांना सहसा त्रास देत नाहीत. परंतु याला ऐसपैस जागा लागते. लहान पेटीत दोन वयात आलेले नर व माद्या कधीही एकत्र ठेवू नयेत. माद्यांचा वासही न येणाऱ्या जागी एकत्र वाढलेले दोन भाऊ पुष्कळदा गुण्यागोविंदाने राहतात.

नवा प्राणी आणल्यावर त्यास एकदम जुन्या कप्प्यात सोडू नये. धुऊन काढलेल्या, दोघांनाही नव्या अशा जागेत चाऱ्याचे तीन-चार ढीग पसरावेत आणि दोन तोंडे असलेल्या दडणाच्या पेट्या ठेवाव्यात. एकच तोंड असल्यास दुबळा प्राणी आत कोंडला जातो. नर घुरघुरत, डुलत मादीभोवती फिरतो व मादी त्याच्यावर मूत्राची चिळकांडी उडविते. हे नेहमीचेच आहे, मध्ये पडू नये. दात कडकड वाजविणे, मानेवरील केस ताठ होणे व डोके उंच धरून समोरासमोर उभे राहणे ही मात्र झुंजीची पूर्वचिन्हे होत. अशा वेळी मध्ये फळी सरकवावी. उघडा हात घातल्यास चावा बसतो. रक्त निघाल्यास ती जोडी मोडावी.

सशाला सोबती म्हणून गिनीपिग देण्याची रीतही सोडून द्यावी. सशाच्या मागच्या पायाच्या लाथेने गिनीपिगाला इजा होते, आणि सशाला फारसा अपाय न करणारे काही श्वसनरोगाचे जंतू गिनीपिगाला घातक ठरतात.

गाभण मादीस ‘क’ जीवनसत्त्व नेहमीपेक्षा अधिक लागते. तिचे शरीर ते बनवू शकत नाही. लसूणघास, कोथिंबीर, कोबीची पाने रोज ताजी द्यावीत. उन्हाळ्यात तिला दमट गोणपाटाच्या आडोशाने थंड जागी ठेवावे, आणि उचलताना मागचा भाग दुसऱ्या हाताने तोलून धरावा.