शोकसमयीचे शब्द : ल्यूथरन पाळकाची शिदोरी, तमिळ आणि मराठी

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कोवलम हे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील त्याच नावाचे प्रसिद्ध स्थळ निराळे. या कोवलमला कार्मेल मातेचे कॅथलिक चर्च आहे आणि तमीम अन्सारी यांचा दर्गाही आहे. दुःखी माणसाने जावे कोठे, या प्रश्नाला या गावाने दिलेली ही उत्तरे स्थळरूप आहेत. याच किनाऱ्यावर पुष्कळ दक्षिणेस, तरंगमबाडी येथे, १७०६ साली बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग यांच्याबरोबर जो ल्यूथरन पंथ आला, त्याच्यापाशी असे उत्तर नव्हते. संतांची मध्यस्थी त्याने टाकून दिली होती. शोकाकुल घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या ल्यूथरन पाळकाजवळ उच्चारलेला शब्द असतो आणि त्या शब्दाच्या आधाराने दिलेले प्रभुभोजन असते. म्हणून या पंथात सांत्वनाचा प्रश्न हा भाषेचा प्रश्न होतो, आणि भारतात आल्यावर तो भाषांतराचा प्रश्न बनतो.

या शिदोरीचा उगम पाहण्यासारखा आहे. १५१९ साली सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक आजारी पडला असता मार्टिन ल्यूथरने त्याच्यासाठी चौदा सांत्वनांचे एक पुस्तक लिहिले. ते १५२० मध्ये छापून निघाले. चौदा हा आकडा सहेतुक आहे. संकटसमयी धावा करावयाचे चौदा संत त्या काळी जर्मन लोकांत मान्य होते. ल्यूथरने त्यांच्या जागी चिंतनाचे चौदा विषय मांडले : सात अनिष्टे व सात इष्टे. पुढे १५२२ ची प्रार्थनापुस्तिका आली आणि १५२९ ची लघु प्रश्नोत्तरावली आली. पण पाळकाचा खरा आधार राहिला तो स्तोत्रसंहितेचाच. १३० व्या स्तोत्रावरून ल्यूथरने रचलेले गीत १५२५ साली त्याच फ्रेडरिकच्या अंत्यविधीत गायिले गेले.

स्तोत्रसंहितेत स्तुती आहे, तसाच आक्रोशही आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते; आशेचा शेवट त्याला नाही. त्यामुळे निवड हे पाळकाचे अवघड कर्तव्य ठरते. २६ डिसेंबर २००४ रोजी या किनाऱ्यावर समुद्र चालून आला. अशा वेळी कोळ्याच्या घरी काय वाचावे? ४६ व्या स्तोत्रात समुद्र खवळला तरी भय नाही असा भरवसा आहे, आणि ल्यूथरचे सर्वांत गाजलेले गीत त्याच्यावरच आधारलेले आहे. ६९ व्यात मात्र पाणी गळ्याशी आलेल्या माणसाची हाक आहे. भरवशाचे शब्द घाईने वाचले, तर ते ऐकणाऱ्याला क्रूर वाटू शकतात.

तमिळमध्ये या शब्दांना स्थिर रूप दिले ते योहान फिलिप फाब्रिसियस यांनी. त्यांचे बायबल ल्यूथरन मंडळ्यांनी इतर पंथांनी नवे भाषांतर स्वीकारल्यावरही दीर्घकाळ सोडले नाही. जर्मन गीतेही त्यांनी तमिळमध्ये आणली, पण चाली जर्मनच ठेवल्या. कर्नाटक संगीताच्या रागतालांत ख्रिस्ती कीर्तने रचली ती वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी. १८२० नंतर नव्या मिशनऱ्यांनी बायबलचे शब्द बदलले आणि देशी गीतसंगीताला विरोध केला, तेव्हा शास्त्रींनी त्यांच्याशी कडवा वाद घातला. या वादात जातिभेदाचे समर्थनही मिसळले होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या गाऱ्हाण्यातील एक भाग खरा होता. दुःखात माणसाला तोंडपाठ शब्दच आठवतात. ते बदलले की आधार सुटतो.

शास्त्री ज्यांच्या छायेत वाढले, त्या ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांच्याच छायेत तंजावरचे सरफोजी भोसलेही वाढले. १७८७ मध्ये मृत्युशय्येवरील तुळजाजींनी हा दत्तक पुत्र त्यांच्या हाती सोपविला होता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, पण गुरूच्या मृत्यूचे दुःख त्यांनी दोन रूपांनी प्रकट केले. एक फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प. त्यात राजा मरणासन्न गुरूचा हात धरून उभा आहे. दुसरे समाधीवरचे स्वरचित पद्य. ते इंग्रजीत आहे. याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरविले. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटकही त्याच्या नावावर आहे. मराठी त्याला परकी नव्हती आणि दगडावर कोरण्यास अपुरीही नव्हती. बहुधा चर्चमधील वाचक कोण, याचा विचार त्याने केला असावा. तरीही एका मराठी राजाचा ल्यूथरन गुरूविषयीचा शोक मराठीबाहेर राहिला, ही वाङ्मयेतिहासातील खंत आहे.

ती अधिक जाणवते, कारण तंजावरात रामदासी मठ होते आणि करुणाष्टकांचा प्रकार तेथे अपरिचित नव्हता. ईश्वरापुढे गाऱ्हाणे मांडण्याची, त्याच्यावर रुसण्याचीही, मुभा मराठीने अभंगांत आणि करुणाष्टकांत केव्हाच घेतली होती. बायबलच्या भाषांतरात मात्र तो ग्रंथ ‘स्तोत्र’ या नावाने रूढ झाला. तमिळमध्ये त्याच रचनांना ‘संगीतम्’ म्हणतात. संगीत रडूही शकते. स्तोत्र म्हटले की कान स्तुतीची अपेक्षा करतो, आणि ८८ वे वाचताना वाचक गोंधळतो.

ही कोंडी मराठीत ज्यांनी फोडली, ते ल्यूथरन नव्हते. अमेरिकन मराठी मिशनमधील नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी व भजन यांची वाट दिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या, घर हरवलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना संस्कृतप्रचुर वाक्य पेलणारे नव्हते, आणि समजलेच नाही तर ते वाक्य सांत्वन करणार तरी कसे, हे रमाबाईंनी ओळखले होते.